मोठ्यानं वाचा म्हणणाऱ्या नाखवाबाई

नाखवाबाईंबद्दल लिहायचं तर त्यांना न आवडणारंच लिहिलं जाणार, हे आधीच मान्य करून टाकतो. त्यांना आवडेल असं कोणी काही लिहिल्याचं माझ्या माहितीत नाही. प्रोग्रॅम नाही, अर्ज नाही, फळ्यावरची तारीखसुद्धा नाही. मागच्या महिन्यात त्या वारल्या. तेराव्याला आम्ही दहाबारा जुने विद्यार्थी जमलो होतो आणि प्रत्येकाकडे सांगायला एकेक अपमान होता. जो तो आपलाच अपमान कसा वरच्या दर्जाचा होता ते पटवून देत होता. अंधेरीच्या एका कंपनीत बऱ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "मला म्हणाल्या होत्या, तुझ्यापेक्षा तो पंखा बरा, बटण दाबलं की निदान फिरतो तरी." शेजारचा लगेच म्हणाला, "हे तर काहीच नाही," आणि त्यानं खुर्ची पुढे ओढली.

बाईंचा क्लास नौपाड्यात होता, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या, पाच कॉम्प्युटर. पाचांतला एक कधीच चालू होत नसे. त्याच्याकडे बोट दाखवून बाई नव्या बॅचला सांगत, "हे आमचे हेडक्लार्क. काम करत नाहीत आणि जागाही सोडत नाहीत." दारावर पाटी होती: 'येथे डेटाबेस शिकवला जाईल. इतर काही विचारू नये.' त्या काळात ठाण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. समोरच्याच इमारतीत काचेचं दार, थंड हवा आणि टाय बांधलेले मास्तर अशी एक संस्था होती. धुळीनं मशीन बिघडू नये म्हणून तिथे चपला बाहेर काढाव्या लागत. बाई म्हणत, "तिथे मशीनला नमस्कार करायला शिकवतात. मी जाब विचारायला शिकवते."

मी तिथे पोचलो तो आमच्या वाचनालयामुळे. मी ग्रंथपाल. आमच्या कार्यकारिणीनं देणगीतून एक कॉम्प्युटर घेतला, त्याला हळदकुंकू वाहिलं, क्रोशाचं झाकण घातलं आणि दीड वर्ष त्याला हात लावला नाही. मग अध्यक्षांच्या मनात आलं की कोणीतरी शिकायला हवं. सर्वांत कमी बोलणारा म्हणून मला धाडलं. हे साल त्र्याण्णव. कोर्स तीन महिन्यांचा होता. मी चार वर्षं जात राहिलो. वाचनालयाची यादी अजून कार्डांवरच आहे.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. उंच, सावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. चेंदणी कोळीवाड्यातलं घर. आई मासळी बाजारात बसायची. बाई स्वतः मासे खात नसत; वासानं डोकं दुखतं म्हणत. ऐंशी सालच्या सुमारास बेलापूर रस्त्यावरच्या एका औषधाच्या कारखान्यात त्या कार्डांना भोकं पाडायच्या कामावर लागल्या. खोलीभर पसरलेलं ते मशीन, त्याच्या कपाटात कुलपाआड ठेवलेली जाड इंग्रजी पुस्तकं, आणि ती पुस्तकं कधीच न उघडणारे साहेब. बाईंनी किल्ली मागून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक पुस्तक संपवलं. मग त्या साहेबांना शिकवू लागल्या. "म्हणून माझी बढती दोनदा अडली," हे त्या अगदी समजूतदारपणे सांगत. तिसऱ्यांदा अडायच्या आत त्यांनी नोकरी सोडली आणि क्लास काढला.

नौपाड्यातले पालक पोरांना घेऊन चौकशीला येत. आधी फी विचारत नसत, आधी आडनाव विचारत.

"नाखवा म्हणजे मूळचे कुठले?"

"चेंदणीचे. तुम्ही ठाण्यात यायच्या आधीपासूनचे."

"नाही, म्हणजे सहज विचारलं."

"मीपण सहजच सांगितलं. फी आगाऊ लागते."

कोणी मॅडम म्हटलेलं त्यांना चालत नसे. "मॅडम ऑफिसात असतात. मला बाई म्हणा." मला त्या नावानं कधी हाक मारत नसत, ग्रंथपाल म्हणत, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती ते मला चार वर्षांत ठरवता आलं नाही.

बाईंची शिकवायची एक पद्धत होती. विद्यार्थ्यानं पडद्यावर जे लिहिलं असेल ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. नुसते शब्द नाहीत. कॉमा, कंस, अवतरणचिन्ह, सगळं. "कंस सुरू, नाव, कॉमा, पत्ता, कंस पुरा." पाच मशीनांपैकी चारांवर एकाच वेळी हे चाललेलं असे आणि बाई मधोमध खुर्चीवर डोळे मिटून बसलेल्या. एकदम बोट वर करत. "तिसऱ्या मशीनवर कोण आहे? कंस उघडलास, मिटला कोणी?" आणि तिथे खरंच कंस उघडा असे. खालचा चष्मेवाला म्हणायचा, गिऱ्हाइकाला नंबर लिहून दिला की मलाही शेवटी कंस पुरा म्हणावंसं वाटतं. या पद्धतीची इतकी ख्याती झाली की समोरच्या संस्थेनंही आपल्या माहितीपत्रकात 'उच्चारातून आकलन' असं काहीतरी छापलं. त्यांच्याकडे टाय बांधून तेच वाचत.

या पद्धतीमागचं शास्त्र मला तिसऱ्याच आठवड्यात कळलं. वर्ग सुटल्यावर बाई म्हणाल्या, "ग्रंथपाल, थांबा जरा. दार लोटून घ्या आणि हे वाचा." डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. मी वाचली. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. बाजूची नजर गेलेली, मधली औषधानं टिकेल तितकी टिकेल.

"नळीतून बघितल्यासारखं दिसतं," बाई म्हणाल्या. "शब्द दिसतो, वाक्य दिसत नाही."

मी विचारलं, "वर्गाला सांगणार का?"

"सांगितलं तर उद्या पाच जण उरतील आणि परवा कोणी नाही. ज्या बाईला दिसत नाही तिच्याकडे कॉम्प्युटर शिकायला पोरगं कोण पाठवील? तुम्ही पाठवाल?"

मी गप्प राहिलो.

"बघा. म्हणून तुम्हालाच वाचायला दिलं. गप्प बसायचा तुम्हाला सराव आहे."

तेव्हापासून बाईंचा सगळा जीव एकाच गोष्टीत होता: शिकवणं चालू राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी कोणाला कळता कामा नये. जिन्याच्या पायऱ्या त्या मोजून चढत. कोण कुठे बसलंय ते टाइप करण्याच्या आवाजावरून ओळखत. रस्त्यात विद्यार्थ्यानं नमस्कार केला तर तो त्यांच्या नळीत येतच नसे, आणि बाई सरळ पुढे निघून जात. नौपाड्यात बोलवा झाली की नाखवाबाईंना फार गर्व. मी हे त्यांना एकदा सांगितलं. त्यांना मनापासून बरं वाटलं. "गर्विष्ठ म्हणू देत. गर्विष्ठ बाईकडे मुलं येतात."

त्या शिकवत ते मात्र कोणाच्या बापानं विसरू नये असं. डेटाबेस म्हणजे काय, तर नोंदींचे तक्ते; आणि प्रोग्रॅमनं त्या तक्त्यांपाशी जाऊन हवी ती नोंद मागून आणायची. मागायची कशी, हीच सगळी विद्या. पहिल्याच दिवशी एखादा हुशार मुलगा 'सिलेक्ट स्टार' लिहून मोकळा होई, म्हणजे तक्त्यात जे आहे ते सगळंच द्या.

"घरी मासे खाता?" बाईंनी अशाच एकाला विचारलं.

"नाही बाई. आमच्यात नाही खात."

"बरं. उदाहरण तरी चालेल ना, की त्यानंही बाटाल? माझी आई बाजारात बसते. तुला एक पापलेट हवंय. तू तिला म्हणतोस, अख्खी टोपली दे, मी घरी नेऊन निवडतो. काय करील ती?"

"ओरडेल."

"ओरडेल नाही, टोपली डोक्यावर घालील. मशीन गरीब आहे, ते देतं. टोपली उचलून आणतं आणि तू म्हणतोस मशीन स्लो आहे."

त्यांना स्वतःला मात्र पापलेट आणि बांगडा शेजारी ठेवले तर कोणता मासा कुठला ते सांगता आलं नसतं, असं त्यांची आईच मला म्हणाली होती.

व्हिज्युअल बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची नवी भाषा आली तेव्हा बाई काही महिने चिडलेल्या होत्या. आधीच्या फॉक्सप्रोत काळ्या पडद्यावर मोठी अक्षरं असत; आता चित्रं, बटणं, खिडक्यांवर खिडक्या. "शिकवायचं सोडून रांगोळी काढत बसलेत," म्हणत. खरं कारण त्या आणि मी जाणत होतो. पण चार महिन्यांत त्यांनी तेही पाठ करून टाकलं. नव्या पद्धतीत मागणीचं वाक्य तुकड्यातुकड्यांनी जोडून प्रोग्रॅमनं पुढे पाठवायचं असे. केतकी नावाच्या एका मुलीचं वाक्य दोन तास चालेना. तिनं चारदा तपासलं, मीही चारदा तपासलं, सगळं बरोबर होतं. बाई म्हणाल्या, "वाच."

तिनं वाचलं, "सिलेक्ट नेम फ्रॉम मेंबर्स व्हेअर सिटी..."

"थांब. मेंबर्सच्या पुढे श्वास घेतलास?"

"घेतला."

"तू घेतलास. लिहिताना दिला आहेस का?"

केतकीनं पडद्याला नाक लावलं. पहिला तुकडा जिथे संपत होता तिथे मोकळी जागा सोडायची राहिली होती. दोन शब्द एकमेकांना चिकटून मशीनकडे जात होते. डोळे असलेल्या आम्ही दोघांनी मिळून आठ वेळा जे पाहिलं नव्हतं ते बाईंनी एकदा ऐकलं. केतकी म्हणाली, "बाई, तुम्हाला कसं कळलं?" बाई म्हणाल्या, "तू घाईत बोलतेस. घाईत बोलणारी पोरगी लिहीलही तशीच." माझ्याकडे त्यांनी वळून बघितलं नाही, पण भुवई उंचावलेली मला दिसली.

एक स्टीलचा डबा बाईंच्या पर्समध्ये कायम असे. त्यात नोंदींच्या प्रती ठेवलेल्या फ्लॉपी आणि तळाशी तांदूळ. खाडीच्या दमट हवेनं फ्लॉपीला बुरशी धरते, तांदूळ ओल ओढून घेतात, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या संस्थेतल्या एका मास्तरांनी हे अशास्त्रीय आहे असं मला सांगितलं होतं. त्यांच्या बुरशी धरलेल्या फ्लॉप्या पावसाळ्यात बाईंकडे उतरवून घ्यायला येत.

आता डोंबिवलीचा प्रकार सांगितला पाहिजे. तो सांगताना बाईंची बाजू घ्यायचं मी टाळणार आहे, कारण त्यांनीही घेतली नव्हती.

डोंबिवली पूर्वेला लिमयेकाकू नावाच्या बाईंचं वधूवर मंडळ होतं. दीड हजाराच्या आसपास मुलंमुली, प्रत्येकाचं एक कार्ड, आणि सगळी कार्डं काकूंच्या लाकडी कपाटात. सत्त्याण्णव साली काकूंनी ठरवलं की मंडळ कॉम्प्युटरवर न्यायचं. काम बाईंकडे आलं. बाईंनी प्रोग्रॅम बसवला आणि कार्डं भरायला आमच्या वर्गातला संदीप म्हात्रे दिला. ठाकुर्लीचा, बी.कॉम. झालेला, दोन वर्षं नोकरी शोधणारा मुलगा. काकूंच्या पुतण्याची ठाण्यात सॉफ्टवेअरची छोटी कंपनी होती आणि हे काम नीट झालं तर संदीपला तिथे घ्यायचं, असा शब्द काकूंनी दिला होता.

बाईंना हा तक्ता फार आवडायचा. नाव, उंची, शिक्षण, पत्रिका, आणि शेवटी अपेक्षांचा रकाना. "दीड हजार लोक, आणि सगळ्यांची अपेक्षा एकच, अनुरूप. रकानाच काढून टाकला असता तर जागा वाचली असती," त्या म्हणत. काकूंना हे आवडत नसे.

एका गुरुवारी दुपारी बाई डोंबिवलीला मंडळात गेल्या होत्या. एका मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्या नोंदीपुढे 'लग्न ठरलं' असं लिहायचं, एवढंच काम. संदीप तोवर आला नव्हता, काकू आत चहा टाकत होत्या. असं बदलाचं वाक्य दोन ओळींचं असतं. पहिली ओळ म्हणते काय बदलायचं. दुसरी ओळ म्हणते कोणाचं बदलायचं; ती अटीची ओळ. अट नसेल तर मशीन सगळ्यांचं बदलतं. बाई हे दर बॅचला शिकवत आणि म्हणत, "अटीशिवाय हात उचलायचा नाही." त्या दुपारी त्यांनी पहिली ओळ जागेवर लिहिली. मध्येच पडद्याच्या कडेला दुसरी एक खिडकी उघडली होती आणि अटीची ओळ त्या खिडकीत लिहिली गेली. नळीतून बघणाऱ्या माणसाला कडेचं दिसत नाही. मशीननं छोट्या करड्या चौकटीत विचारलं, इतक्या इतक्या नोंदी बदलणार, चालेल का? ती चौकट मोठ्यानं वाचणारं तेव्हा तिथे कोणी नव्हतं. बाईंनी एंटर दाबलं, चहा घेतला आणि घरी आल्या. संध्याकाळी संदीप आला आणि रोजच्यासारखी कार्डं भरून गेला.

शुक्रवारी सकाळी विठ्ठलवाडीच्या एका मुलाचा मंडळात फोन आला. नवीन स्थळं आली असतील तर पत्ते हवे होते. काकूंच्या मदतनीस मुलीनं पडद्यावर बघून सांगितलं, "तुमचं ठरलंय."

मुलानं विचारलं, "कोणाशी?"

दुपारपर्यंत काकू नौपाड्यात. जिना चढून आलेल्या, धापा टाकत. "माझी दीड हजार मुलं एका दिवसात उजवलीत तुम्ही. एकाही घरी आमंत्रण नाही, अक्षता नाहीत."

वर्गात हशा पिकला. संदीप सोडून. तो चौथ्या मशीनवर होता आणि पांढरा पडला होता. काकूंनी त्याच्याकडे बोट केलं. "हा काल संध्याकाळी बसला होता. यानंच केलं. माझ्या पुतण्याला मी आजच सांगते, असली धांदरट पोरं आपल्याला नकोत."

"काकू, मी फक्त कार्डं भरली," संदीप म्हणाला. पण त्याचा आवाज असा होता की त्याचा स्वतःवरच विश्वास बसत नसावा. मग म्हणाला, "झालंही असेल. हात लागला असेल कुठे."

मी बाईंकडे बघितलं. काय झालं असेल ते त्यांना त्या क्षणी कळलं होतं. खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं थांबली होती. मलाही अंदाज आला. बाई एवढंच म्हणाल्या, "काकू, नोंदी परत येतील. डब्यात फ्लॉपी आहे." संदीपबद्दल एक शब्द नाही. मीही नाही. चार वर्षं ज्या गुणासाठी मला तिथे मान होता तो गुण मी त्या दुपारी पुरेपूर वापरला. संदीप दप्तर उचलून गेला.

शनिवारी सकाळी बाईंची आई वाचनालयाच्या दारात. डोक्यावर टोपली नव्हती, म्हणजे बाजाराला जाताना आलेली नव्हती. "चंद्री रातभर झोपली नाय," ती लेकीबद्दल म्हणाली. "तुमाला बोलवते. डोंबिवलीला जायाचं हाय म्हणते."

आम्ही गेलो. सबंध वाटेत बाईंनी मला एकच गोष्ट विचारली, आपल्या क्लासच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत. मला ठाऊक नव्हतं. "चार वर्षं तुम्ही काय बघता हो डोळ्यांनी?" त्या म्हणाल्या.

काकू कपाटासमोर कार्डं पसरून बसल्या होत्या. बाईंनी बसायच्या आधीच सांगितलं, "पोरानं नाही केलं. मी केलं. गुरुवारी दुपारी. मला दिसलं नाही."

"दिसलं नाही म्हणजे लक्ष नव्हतं?"

"लक्ष होतं. डोळे नाहीत. काचबिंदू आहे, चार वर्षं झाली. आता अर्धा शब्द दिसतो."

काकूंना हे पचायला वेळ लागला. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी खोटं ठरवावं म्हणून. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही न बघता शिकवताय लोकांच्या मुलांना?"

"तुम्ही बघून लग्नं जुळवता. त्यातली किती टिकली ते कार्डावर लिहिता का?"

मला वाटलं झालं, संपलं. पण काकूंना त्या वेळी हसू आलं, आणि ते आवरताना त्यांना ठसका लागला. पुतण्याला त्यांनी आमच्यासमोर फोन केला. संदीपचं नाव सुटलं. हे काकूंच्या खात्यावर लिहिलं पाहिजे. त्यांच्या खात्यावर हेही लिहिलं पाहिजे की सोमवार उजाडेपर्यंत ठाकुर्लीपासून ठाण्यापर्यंत नाखवाबाईंना दिसत नाही हे माहीत नाही असं एकही मराठी घर उरलं नव्हतं.

सोमवारी बाईंनी वर्गाला स्वतः सांगितलं. "तुमच्या कानावर आलंच असेल. मला दिसत नाही, ही माझी अडचण. तुम्हाला दिसतं आणि कळत नाही, ती कोणाची? ज्याला जायचंय त्यानं जावं, उरलेल्या महिन्यांची फी परत मिळेल." कोणी हललं नाही. मंगळवारपासून एकेक जण यायचा बंद झाला. महिनाअखेर केतकी, आणखी तिघं आणि मी राहिलो. समोरच्या काचेच्या दारापाशी चपलांची गर्दी वाढली.

संदीप पेढे घेऊन आला. बाईंच्या हातावर एक ठेवला आणि न बसताच म्हणाला, "बाई, एक विचारू? शुक्रवारी का नाही बोललात? एक दिवस मला वाटत होतं मीच केलं."

"भीती वाटली रे," बाई म्हणाल्या. पेढा हातात तसाच राहिला.

संदीपनं खुर्ची ओढली आणि काकूंच्या मंडळाचं काम कुठवर आलं ते विचारलं. डब्यातल्या फ्लॉपीवर पंधरा दिवसांपूर्वीपर्यंतच्या नोंदी होत्या. पुढच्या सगळ्या त्यानं रविवारी बसून कार्डांवरून भरल्या. फ्लॉपीला दोन तांदळाचे दाणे चिकटले होते. बुरशी नव्हती.

नौपाड्यातला क्लास पुढच्या वर्षी बंद झाला. आई वारली आणि बाई कल्याणला बहिणीकडे गेल्या. तोवर उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. कोणा समाजसेवकानं त्यांना सुचवलं की अशा लोकांना टेलिफोनचा बूथ मिळतो, अर्ज करा. बाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही काय करता?" तो म्हणाला, "बँकेत आहे." बाई म्हणाल्या, "तुम्हाला दिसतं ना? मग बूथ तुम्ही घ्या. बँकेत आंधळेपणानं चालतं." हे मला बहिणीनं सांगितलं, पत्रातून. पुढे लिहिलं होतं की ताईनं इथेच पुढच्या खोलीत दोन मशीनं मांडली आहेत आणि आता इंटरनेटवरची पानं शिकवते. जमेल तेव्हा येऊन जा.

मला जमायला नऊ महिने लागले. मी सावकाश माणूस आहे. यंदा दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी गेलो. पहिला मजला, दार उघडं, आत सातआठ मुलंमुली दोन मशीनांभोवती. बाईंची पाठ माझ्याकडे होती. त्या सांगत होत्या, "आधी काय होतं, प्रोग्रॅम आणि माणूस एकाच टेबलाशी. कोण बसलंय ते ठाऊक असायचं. आता पान जगात कुठेही उघडतं. कोण मागतंय, चोर आहे की साव, प्रोग्रॅमला काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं, तपासायचं, मग द्यायचं आणि दार लावून घ्यायचं. तुम्हाला हे कठीण जाईल. मला सोपं गेलं."

मुलं हसली. मी उंबऱ्याशी थांबलो. शिकवताना मध्ये जाणं बरं वाटेना. एक मुलगी पडद्यावरचं वाचू लागली आणि त्याच वेळी वीज गेली. कल्याणला ते रोजचंच. मशीनं बंद झाली, पंखा घरघरत थांबला, आणि खोलीत इतका काळोख झाला की मला बाईंची पाठही दिसेना. मुलगी मधल्याच शब्दावर थांबली. कोणीतरी मेणबत्ती शोधायला उठलं, कोणाचा तरी गुडघा टेबलाला आपटला.

"काय झालं? थांबलीस का?" बाईंनी विचारलं.

"लाइट गेले बाई."

"मग? तोंडात बल्ब आहे का तुझ्या?"

"पण पडद्यावर काहीच दिसत नाहीये."

"पडद्यावर कुणी लिहिलं होतं?"

"मीच."

"मग तुझ्याजवळ असेल की. खाली बसा रे सगळे, मेणबत्ती नको. सुरुवातीपासून सांग, सावकाश."

मुलगी चाचरत सुरू झाली. सिलेक्ट, नाव, कॉमा, पत्ता. मध्ये एकजण कुजबुजत दुरुस्ती करत होता, दुसरा त्याला गप्प करत होता, आणि थोड्या वेळानं खोलीतले सगळेच त्या वाक्याबरोबर पुढे सरकू लागले. मी आलोय हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. काळोखात मध्येच माझा आवाज निघाला असता तर वाक्य तुटलं असतं. पुढच्या रविवारी दिवसाउजेडी येऊ असं ठरवून मी कठडा धरून जिना उतरू लागलो. वरून मुलीचा आवाज येत होता. ती अटीच्या ओळीपाशी आली आणि अडली.

मग बाईंचा आवाज आला, अगदी शांत. "कोणाचं?"

मी खालच्या पायरीवर उभा राहून मुलीच्या उत्तराची वाट बघत राहिलो.